करीना आणि महजर

मराठेशाहीत एखाद्या गावच्या पाटिलकीविषयी दोन घराण्यांत कज्जा उभा राहिला, म्हणजे त्याचा निवाडा पुष्कळदा गोतसभेपुढे होत असे, आणि त्या सभेत परगण्याचे देशमुख-देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन व गावचे बलुतेदार असे नाना थरांतील लोक एकत्र बसत. वादी आणि प्रतिवादी, म्हणजे त्या काळच्या दप्तरी भाषेतले अग्रवादी आणि पश्चिमवादी, या दोघांकडून सभेचा निर्णय मान्य करण्याविषयी आधी राजीनामा लिहून घेत (हा शब्द तेव्हा संमतिपत्राच्या अर्थाने चाले) आणि त्यावर जामीनही घेत. मग प्रत्येकाने आपल्या घराण्याची हकीकत लेखी मांडावयाची. वतन मूळ कोणी संपादन केले, कोणत्या दुष्काळात घराणे परागंदा झाले, माघारी आल्यावर वतनावर कोण बसलेला आढळला, कोणती सनद जळाली आणि कोणती शिल्लक राहिली, हे सारे आपल्या बाजूने व आपल्या शब्दांत सांगावयाचे. या हकीकतीला करीना म्हणत. दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचून, कागदपत्र पारखून आणि गावच्या वृद्धांच्या साक्षी घेऊन सभेने जो निर्णय केला, तो ज्या कागदावर उतरे त्याचे नाव महजर. त्यावर हजर असलेल्या मंडळींची नावे असत आणि साक्षीदाखल त्यांच्या निशाण्याही असत. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चिन्हे.

या व्यवस्थेतील शहाणपण असे की, पक्षकाराचे तोंड तिने कधी बंद केले नाही. उलट, घराण्याचा इतिहास घराण्यातल्या माणसाइतका कोणाला ठाऊक असणार, हे ओळखून त्याचा करीना तिने मुद्दाम मागवून घेतला. तथापि महजर लिहिण्याची लेखणी मात्र तिने त्याच्या हाती दिली नाही. आणि गावच्या गोतावरच एखाद्याला पक्षपाताचा संशय आला, तर वाद अन्य स्थळीच्या सभेपुढे नेण्याची मागणी करण्यास त्याला मोकळीक ठेवली. करीना पक्षाचा आणि महजर गोताचा, ही विभागणी एकदा मनात पक्की ठसली म्हणजे प्रस्तुत प्रकरणाचा अर्धा विषय समजल्यासारखाच आहे. कारण अनेक हातांनी रचला जाणारा ज्ञानकोश, चरित्रकोश वा शब्दकोश, मग तो छापील असो किंवा संगणकाच्या पडद्यावरचा असो, हा जातीने महजरच होय. त्याचा वाचक त्यावर विश्वास टाकतो तो एवढ्याचसाठी की, येथे बोलणारा कोणी एक पक्ष नाही, अनेकांनी पाहून, तपासून आणि मान्य करून हा मजकूर उतरविला आहे, अशी त्याची समजूत असते. त्या समजुतीच्या आड एखाद्या पक्षाचा करीनाच महजर म्हणून खपविला गेला, तर त्यातले प्रत्येक वाक्य खरे असूनही वाचकाची फसवणूक होते.

ज्या अवस्थेतून ही फसवणूक संभवते, तिला आजच्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष किंवा थोडक्यात हितसंघर्ष असे म्हणतात. कोशाचे हित सत्याचे यथाप्रमाण कथन करण्यात असते. लेखकाचे हित कधी पैशात, कधी नात्यात, कधी नोकरीत, कधी मतात तर कधी जुन्या वैरात गुंतलेले असते. आणि ही दोन हिते ज्या ठिकाणी वेगळ्या दिशांना ओढू लागतात तेथे संघर्ष उत्पन्न होतो. यातले वैर लोक सहसा विसरतात. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात अबकारी कराची व्याख्या इतक्या संतापाने केली होती की, त्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी बदनामीचा दावा लावता येईल काय याविषयी सरकारी वकिलाचा सल्ला घेतला. आणि जॉन्सनचे वडील पुस्तकविक्रेते असताना अबकारी अंमलदारांच्या जाचात सापडले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. बापाच्या दुकानातला राग मुलाच्या कोशात उतरला असेल, तर तोही हितसंबंधच.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. हितसंघर्ष ही माणसाची अवस्था आहे, त्याच्यावरचा आरोप नव्हे. न्यायाधीश आपल्या भावाचा खटला चालविण्यास नकार देतो तेव्हा तो स्वतःला अप्रामाणिक ठरवीत नसतो. आपल्या प्रामाणिकपणाची खातरी इतरांना पटण्याजोगी राहिली नाही एवढेच तो मान्य करतो. मला ही गोष्ट पुस्तकांतून नव्हे, तर स्वतःच्या फजितीतून कळली. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या चरित्रकोशासाठी माझ्या गुरुजींवर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या हौसेने तीन पाने लिहून नेली. संपादक वयोवृद्ध होते, त्यांनी पाने सावकाश वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "अहो, गुरुजींच्या व्याकरणाच्या पुस्तकावर प्रतिकूल असे कोणी काही लिहिलेच नव्हते काय?" लिहिले होते. त्या परीक्षणाचे कात्रण माझ्याच टेबलाच्या खणात होते. मी ते लपविले नव्हते. लिहिताना ते मला आठवलेच नव्हते. संपादकांनी काम दुसऱ्याकडे सोपविले, माझी तीन पाने त्याच्या हाती दिली, आणि शेवटी छापून आले ते बारा ओळींचे टिपण. त्यातली एक ओळ त्या परीक्षणाविषयी होती, आणि त्या ओळीमुळेच की काय, गुरुजी माझ्या तीन पानांतल्यापेक्षा त्या बारा ओळींत अधिक जिवंत भासले. लबाड माणसापेक्षा भक्ताचा धोका कोशाला अधिक असतो. कारण लबाड माणसाला आपण काय गाळले हे ठाऊक असते.

आता कोणी म्हणेल की, मग हितसंबंधी माणसाला कोशाच्या दारातच उभे करू नये म्हणजे झाले. परंतु हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही, कारण विषय जाणणारे आणि विषयात गुंतलेले हे बहुधा एकच लोक असतात. १९१०-११ साली निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत अराज्यवादावरचा लेख पीटर क्रोपोटकिन या रशियन राजकुलोत्पन्न विद्वानाने लिहिला, आणि क्रोपोटकिन हा स्वतः त्या मताचा युरोपातील अग्रगण्य प्रवक्ता होता. संपादकांनी हा पेच कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. लेखाखाली लेखकाची आद्याक्षरे होती. लेखाच्या ओघात क्रोपोटकिनने आपण स्वतः याच पंथाच्या साम्यवादी शाखेचे आहोत असे उघड नमूद केले होते. आणि या मताच्या नावाने झालेल्या रक्तपाताविषयी त्याच्या लेखात जी उणीव होती, ती संपादकांनी आपल्या वतीने स्वतंत्र टीप जोडून भरून काढली. करीना करीन्याच्या जागी राहिला आणि सभेचा शेरा शेऱ्याच्या जागी. याच कोशाच्या १९२६ च्या तेराव्या आवृत्तीत मनोविश्लेषणावर फ्रॉइडने, लेनिनवर ट्रॉट्स्कीने आणि यंत्राने घाऊक उत्पादन करण्याच्या पद्धतीवर हेन्री फोर्डच्या नावाने लेख आले. यातला शेवटचा लेख फोर्डच्या कचेरीतल्या दुसऱ्याच कोणाच्या लेखणीतून उतरला असल्याचे अभ्यासक मानतात. तरीदेखील, वाचकाला लेखाखाली फोर्डचे नाव दिसत होते, आणि मोटारींच्या कारखानदाराने कारखानदारीची थोरवी गायिली आहे हे ओळखून त्याने मजकूर तोलून घ्यावा, एवढी सोय त्या नावाने केली होती.

जेथे हे नाते झाकले गेले तेथे मात्र कोशांना जबर किंमत मोजावी लागली. दिदरो आणि दालांबेर यांच्या प्रख्यात फ्रेंच विश्वकोशाच्या सातव्या खंडात, १७५७ साली, जिनीव्हा या शहरावर दालांबेरने लिहिलेला एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. एका लहानशा प्रजासत्ताकावर इतकी पाने खर्ची पडावीत हेच अनेकांना चमत्कारिक वाटले. त्या लेखात शहराची स्तुती होती, तेथील धर्मोपदेशकांच्या श्रद्धेविषयी त्यांना अजिबात न रुचणारी प्रशंसा होती, आणि शहराने नाट्यगृहावरील बंदी उठवावी असा आग्रहाचा उपदेशही होता. आता, आदल्याच वर्षी दालांबेर जिनीव्हानजीक व्हॉल्तेरच्या घरी पाहुणा म्हणून राहून आला होता, आणि तेथे नाटके करण्याची व्हॉल्तेरची हौस व त्यावरून नगराच्या अधिकाऱ्यांशी त्याचे बिनसलेले संबंध ही गोष्ट सर्वश्रुत होती. लेख वाचताच जाणकारांना यजमानाचा आवाज ऐकू आला. धर्मोपदेशक खवळले, जिनीव्हाचा नागरिक असलेल्या रूसोने १७५८ साली दालांबेरला उद्देशून नाट्यगृहाविरुद्ध एक दीर्घ पत्रच प्रसिद्ध केले व जुन्या मित्रांशी कायमची फारकत घेतली, दालांबेरने संपादनातून अंग काढून घेतले, आणि १७५९ साली विश्वकोशाचा छपाईचा परवाना रद्द झाला. परवाना रद्द होण्यास इतरही कारणे होती, तथापि एका पाहुणचाराचे ऋण कोशाच्या पानांवर फेडले जाणे शत्रूंच्या हाती कोलीत देणारे ठरले.

याच विश्वकोशाच्या वाट्याला दुसराही एक अनुभव आला, आणि तो अधिक कडवट होता. परवाना गेल्यानंतरही दिदरोने उरलेल्या दहा खंडांचे काम नेटाने चालू ठेवले. १७६४ साली, आपलाच एक लेख छापील पानांत पाहात असता, त्याच्या ध्यानात आले की मुद्रक व प्रकाशक ल ब्रतोन याने शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर, कोणालाही न कळविता, धोक्याची वाटणारी वाक्ये आणि कित्येक ठिकाणी परिच्छेदच्या परिच्छेद कापून टाकले आहेत. ल ब्रतोनचे भांडवल या ग्रंथात गुंतलेले होते आणि तुरुंगाची भीती त्याच्या मनात होती. त्याच्या दृष्टीने हे व्यवहारी शहाणपण होते. लेखकाच्या हितसंबंधांवर पहारा ठेवणारे संपादक मालकाच्या हितसंबंधांकडे पाहावयास विसरतात, हा त्या घटनेचा बोध आहे.

पैशाची ओढ तर याहूनही साधी आणि याहूनही हास्यास्पद रूपे घेते. १८८० च्या दशकात अमेरिकेत ॲपलटन कंपनीने अमेरिकन चरित्रांचा एक भारदस्त कोश काढला, आणि त्यात लेखकांना मजकुराच्या लांबीप्रमाणे मोबदला मिळत असे. पुढे १९१९ साली जॉन हेंडली बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने दाखवून दिले की, त्या कोशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी चौदा जण या भूतलावर कधी जन्मलेच नव्हते. त्यांचे प्रवास, त्यांचे ग्रंथ, त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा, सारे कल्पित होते. नंतरच्या शोधात अशी आणखी कितीतरी चरित्रे बाहेर आली. ओळींवर पैसे मिळतात म्हणून कोणीतरी माणसे जन्माला घातली होती, आणि संपादकमंडळातल्या कोणालाही तीस-पस्तीस वर्षे त्यांचा संशय आला नाही.

पुष्कळ छापील कोशांत निदान लेखाखाली नाव तरी असे. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती अवतरली, आणि कोशरचनेच्या इतिहासात प्रथमच अशी स्थिती आली की, लेखाखाली नाव नाही, लेखकाची पूर्वपरीक्षा नाही, आणि सभेत येऊन बसण्यास कोणालाही मज्जाव नाही. या मोकळीकीचा तोल सांभाळणारी एकच वस्तू त्यात आहे, ती म्हणजे प्रत्येक पानाचा इतिहास. कोणत्या खात्यावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला कोणता शब्द घातला वा काढला गेला, याची अखंड नोंद तेथे राहते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्या जुन्या दप्तरखान्यांतही इतकी तंतोतंत टाचणे ठेवली जात नसत.

या नोंदीनेच पुष्कळांचे बिंग फोडले. २००६ च्या आरंभी उघडकीस आले की, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लोकप्रतिनिधीच्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनी त्याच्यावरचा लेख काढून तेथे कचेरीतच तयार केलेले चरित्र बसविले होते. या नव्या मजकुरात खोटे म्हणावे असे फारसे नव्हते. फक्त एक गोष्ट नाहीशी झाली होती: ठराविक मुदतींनंतर आपण पुन्हा निवडणूक लढविणार नाही असे वचन त्याने पूर्वी मतदारांना दिले होते आणि पुढे ते पाळले नव्हते, ही. दुसऱ्या वर्षी व्हर्जिल ग्रिफिथ या तरुण अभ्यासकाने एक साधन तयार केले. नाव न देता केलेल्या बदलांच्या मागे तेव्हा संगणकाचा जो क्रमांक उरत असे, तो कोणत्या संस्थेच्या नावे नोंदला आहे हे त्यातून कळत असे. मतदानयंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीच्या क्रमांकावरून त्याच यंत्रांवरील टीकेचे परिच्छेद पुसले गेले होते, असे आढळले. सरकारी खाती, धर्मपीठे, व्यापारी पेढ्या यांचीही नावे त्या यादीत निघाली. आणि यातून विकिपीडियाचा संस्थापकही सुटला नव्हता. २००५ साली जिमी वेल्स याने आपल्याच चरित्रलेखात अनेकदा फेरफार केल्याचे आणि आपल्या जोडीने काम केलेल्या लॅरी सँगरच्या वाट्याचे श्रेय कमी होईल असे बदल त्यात असल्याचे प्रसिद्ध झाले. असे करणे शोभले नाही, अशी कबुली त्याने दिली. ज्याने सभा भरविली त्यालाही स्वतःविषयीचा महजर स्वतः लिहिण्याचा मोह आवरला नाही.

क्रमाने या मोहाचा धंदा झाला. पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या पेढ्या निघाल्या. तेव्हा १६ जून २०१४ पासून विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने आपल्या वापराच्या अटींत असे कलम घातले की, मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपला मालक कोण, ग्राहक कोण आणि आपला त्यांच्याशी संबंध काय, हे उघड केलेच पाहिजे. कलमाने मोबदल्याला बंदी केली नाही, गुप्ततेला केली. तरीही २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी अशा एका टोळीचा छडा लावून ३८१ खाती बंद केली व २१० लेख काढून टाकले. टोळीची रीत खंडणीखोराची होती. एखाद्या लहान व्यावसायिकाचा वा कलावंताचा नाकारला गेलेला मसुदा हेरावयाचा, त्याला निरोप धाडून लेख मान्य करवून देण्याचे पैसे मागावयाचे, आणि लेख आला म्हणजे त्याच्या संरक्षणासाठी दरमहा पुन्हा हात पसरावयाचा.

येथवर आपण करीना महजरात शिरल्याची उदाहरणे पाहिली. पण तो योग्य दाराने आत कसा यावा हेही पाहिले पाहिजे. फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराची हकीकत या बाबतीत मोठी उद्बोधक आहे. 'द ह्यूमन स्टेन' या आपल्या कादंबरीतील नायक एका विशिष्ट समीक्षकावरून सुचला, असे विधान त्या कादंबरीवरील विकिपीडियाच्या लेखात होते. ते चूक असल्याचे रॉथने २०१२ साली कळविले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की केवळ आपण सांगता एवढ्यावर बदल करता येणार नाही, अन्यत्र छापलेला आधार हवा. ऐकताना हे उत्तर वेडगळ वाटते. कादंबरी कशी सुचली हे कादंबरीकाराहून अधिक कोणाला ठाऊक? रॉथने मग 'द न्यूयॉर्कर' नियतकालिकाच्या द्वारे एक दीर्घ अनावृत पत्र प्रसिद्ध केले आणि आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाच्या आयुष्यातला प्रसंग हे कथेचे मूळ असल्याचे सविस्तर सांगितले. त्या पत्राचा हवाला घेऊन लेखात बदल झाला. दोन्ही बाजूंनी थोडा अधिक समंजसपणा दाखविता आला असता, हे खरे. परंतु जे घडले ते गोतसभेच्या रीतीला धरूनच होते. लेखकाने आपला करीना आपल्या नावाने, उघड्यावर, कोणालाही तपासता येईल अशा जागी मांडला, आणि कोशाने तो 'रॉथचे म्हणणे असे' म्हणून दाखल करून घेतला.

आपल्या इतिहासात याचे याहून थोर उदाहरण आहे. भोरकडील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली, आणि तीत शिवाजीमहाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी मिळाली. शकावली एका घराण्याच्या दप्तरातली होती; त्या घराण्याला आपल्या पराक्रमाचा व वतनाचा अभिमान असणे स्वाभाविक होते. म्हणून इतिहासकारांनी ती फेकून दिली नाही, आणि म्हणून ती डोळे मिटून स्वीकारलीही नाही. परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी सापडली, इतर कागदांशी ताडून पाहिले गेले, वर्षानुवर्षे वाद झाले, आणि मग ती तिथी ग्राह्य ठरत गेली. घरचा कागद परक्या कागदाच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याचे मोल ठरते.

एवढे विवेचन झाल्यावर, कोशकार्यात भाग घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाला व्यवहाराची चार वाक्ये सांगणे सोपे आहे. ज्या विषयात आपले मीठ, रक्त, मत अथवा वैर गुंतले असेल, त्या विषयाच्या लेखात आपण होऊन हात घालू नये. प्रथम आपले नाते जाहीर करावे आणि मग आपले म्हणणे, आधारांसह, लेखाला जोडलेल्या चर्चापानावर किंवा संपादकाकडे मांडावे. मांडताना नेमका कोणता शब्द चुकला आहे, त्या जागी कोणता हवा आणि त्याला छापील आधार कोणता, हे इतके स्पष्ट लिहावे की परक्या माणसाला पाच मिनिटांत पडताळा घेता यावा. सांगण्यात आपल्याला अनुकूल तेवढेच न सांगता प्रतिकूल आधारही पुढे ठेवावा, कारण साक्षीदाराची पत तेथेच वाढते. पुढे सभेने आपल्या म्हणण्यातले अर्धेच घेतले, तर त्या अर्ध्यावर समाधान मानावे. शुद्धलेखनाची चूक सुधारणे, कोणी केलेला उघड उत्पात पुसणे किंवा जिवंत माणसावरची निराधार बदनामी तत्काळ काढणे, एवढ्यासाठी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको. घराला आग लागली असता पंचनाम्यासाठी थांबत नाहीत.

सभेत बसणाऱ्यांनाही काही पथ्ये पाळावी लागतात. आपले नाते जो प्रांजळपणे सांगतो त्यालाच झोडपले, तर पुढचा माणूस नाव बदलून चोरदरवाजाने येईल, आणि मग त्याला ओळखणे दुष्कर होईल. एखाद्याचा मजकूर केवळ तो हितसंबंधी आहे म्हणून नाकारणे, हाही एक पक्षपातच होय. मजकूर खरा आहे काय, सर्वांगी आहे काय, आधार स्वतंत्र आहेत काय, एवढेच पाहावयाचे. शिवाय टोपणनावाने लिहिणाऱ्याचे खरे नाव, घर वा नोकरी हुडकून चव्हाट्यावर मांडणे विकिपीडियाच्या नियमांनीही निषिद्ध मानले आहे, आणि ते योग्यच आहे. तपास मजकुराचा करावयाचा असतो, माणसाच्या खासगी आयुष्याचा नव्हे.

मराठीत या साऱ्याला एक विशेष अडचण आहे, आणि ती आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आपले विद्याजगत लहान आहे. चरित्रनायक, त्याचा टीकाकार, त्याचा चरित्रलेखक आणि त्या चरित्राचा परीक्षक हे चौघे कधी एकाच गुरूचे शिष्य असतात, कधी एकाच संस्थेचे सभासद, आणि कधी एकमेकांचे व्याहीही. वाईच्या मराठी विश्वकोशाने नोंदीखाली लेखकाचे नाव छापण्याची प्रथा ठेवली, आणि त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढताना स्वतःची इतिहासमीमांसा पाच स्वतंत्र प्रस्तावनाखंडांत वेगळी मांडली आणि मग अकारविल्हे नोंदींना हात घातला. या दोन्ही गोष्टींत मला तरी लहान जगातल्या संकोचातून काढलेली वाट दिसते. आज मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा, आपल्या शिक्षणसंस्थेचा, आपल्या पुढाऱ्याचा लेख लिहिण्यास मोठ्या उत्साहाने हात पुढे येतात, पण परक्या गावाचा लेख तपासण्यास येणारे हात थोडे असतात. करीने उदंड आणि गोताची बैठक मात्र ओस, अशी ही स्थिती आहे. आणि इंग्रजीत हजार डोळ्यांत सापडणारी चूक आपल्याकडे वर्षानुवर्षे तशीच बसून राहते.

म्हणून वाचकाजवळ दोन मागण्या आहेत. आपल्या गावाविषयी, गुरूविषयी, घराण्याविषयी आणि संस्थेविषयी जे आपल्यालाच ठाऊक आहे, ते अवश्य लिहून काढावे, त्यावर आपले नाव आणि आपले नाते नमूद करावे, कागद जोडावेत आणि तो करीना सभेपुढे ठेवून मागे सरावे. आणि ज्या गावाशी आपला काडीचाही संबंध नाही, अशा एखाद्या गावाच्या लेखाला आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. महजर लिहिला जातो तो अशाच माणसांकडून.